मोठ्या क्षमतेच्या एसएसडी : भाव, चाल आणि भरवसा

कोणताही जिन्नस घेताना व्यापाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात, असा आमच्या वाडवडिलांचा दंडक होता : भाव काय, माल कसा आणि देणारा कोण. गुळाची ढेप फोडून पाहिल्यावाचून ते सौदा करीत नसत. तांदळाच्या पोत्यातून मूठभर नमुना काढून तळहातावर पसरल्यावाचून रक्कम ठरत नसे. त्याच वाडवडिलांचे आम्ही वारस. पण पेढीच्या संगणकासाठी साठवणीचे साधन घेताना वेष्टनावरचा मोठा आकडा वाचतो, शेजारच्या दुकानाशी भाव ताडून पाहतो आणि पैसे मोजून मोकळे होतो. आमच्या रोजमेळाच्या व खतावणीच्या वह्या आज याच लहानशा डब्यांत राहतात, हे ध्यानी घेता ही बेफिकिरी आम्हांस परवडणारी नाही.

यंदाच्या स्मरणिकेत मोठ्या क्षमतेच्या एसएसडी या साधनासंबंधी चार शब्द लिहावेत, असे आम्ही ठरविले. आम्ही यंत्रविद्येतले तज्ज्ञ नव्हेत. ठेच लागून शहाणे झालेले एक दुकानदार आहोत. म्हणून आधी ठेच सांगतो, मग शहाणपण.

आमची ठेच

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी, बेळगावच्या रविवार पेठेतील आमच्या पेढीत जुन्या कागदांची आवराआवर निघाली. दहा वर्षांचे हिशेब, बिलांच्या प्रती, वजनकाट्याच्या पावत्या आणि तीर्थरूपांच्या हातच्या खतावण्यांची छायाचित्रे असे सारे एकत्र ठेवावे, असा बेत होता. चिरंजीवांनी एके ठिकाणी सोळा टेराबाइटची म्हणून विकली जाणारी, आगपेटीएवढी एसएसडी शोधून काढली. नामांकित कंपनीच्या एक टेराबाइटच्या नगास जो भाव पडतो, त्याच्याही निम्म्या किमतीत ती मिळाली. भाव पाडून घेण्यात आपण किती तरबेज, म्हणून आम्ही मनोमन खूष झालो. सारे दप्तर तिच्यात उतरविले. यादी उघडून पाहिली तो प्रत्येक नाव जागच्या जागी. मग जुना संगणक पुसून मोडीत काढला, आणि वाळवी लागू लागलेल्या जुन्या वह्याही रद्दीवाल्याच्या हवाली केल्या.

पाच महिन्यांनी मडगावच्या एका जुन्या ग्राहक पेढीशी गुळाच्या वजनावरून वाद उपस्थित झाला. तीन वर्षांपूर्वीच्या पावत्या पाहू म्हणून आम्ही डिस्क जोडली. नावे सारी दिसत होती. परंतु एकही पावती उघडेना. अखेर जाणत्या कारागिराने डबीचे आवरण उघडले, तेव्हा आत मोबाइल फोनमध्ये असते तसले एक लहानसे मेमरी कार्ड गोंदाने चिकटविलेले निघाले. त्याची खरी क्षमता चौसष्ट गिगाबाइट. संगणकाने क्षमता विचारली असता सोळा टेराबाइट सांगावे, अशी खोटी शिकवण त्यास दिली होती. जागा संपल्यावर पुढला मजकूर जुन्यावरच लिहिला जाई किंवा वाऱ्यावर सोडला जाई, आणि नावांची यादी तेवढी शाबूत राही.

मुनीमकाका तेव्हा एवढेच म्हणाले, "अण्णा, त्या पार्टीच्या चलनांचा गठ्ठा मी माळ्यावर बांधून ठेवलाय. कागद टाकायला माझा हात होत नाही." त्या गठ्ठ्याने वाद मिटला आणि आमची पत राहिली. तीर्थरूपांच्या हातच्या खतावण्या मात्र गेल्या त्या गेल्याच. त्यांचे मोडीवळणाचे अक्षर आता घरात कोठेही उरलेले नाही.

तेव्हापासून कोणी सभासद बंधू "टेराबाइट काय भाव?" असे विचारू लागला, की आम्ही त्यास खाली बसवून चहा मागवितो आणि पुढील हकीकत ऐकवितो.

माप आधी समजून घ्यावे

१९५६ साली आपल्या देशात दशमान वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोग्रॅमची वजने बाजारात येऊ लागली. त्याआधी कच्चा शेर व पक्का शेर यांचा घोळ आपल्या थोरांनी जन्मभर निस्तरला. योगायोग असा, की त्याच १९५६ साली अमेरिकेतील आयबीएम कंपनीने रॅमॅक हे यंत्र जाहीर केले. त्यातील साठवणीच्या कपाटात चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या फिरत आणि त्यांवर सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. यंत्राच्या इंग्रजी नावातच 'हिशेब' हा शब्द होता. ते जन्मले तेच जमाखर्चासाठी.

कच्च्या-पक्क्या शेराचा घोळ साठवणीच्या मापातही आहे. कंपनी हजार गिगाबाइटांचा एक टेराबाइट धरते. विंडोज प्रणालीचा संगणक मात्र प्रत्येक पायरीस १,०२४ चा गुणक लावतो. त्यामुळे चार टेराबाइटची अस्सल डिस्कही पडद्यावर सुमारे ३.६४ दाखविते. ही शेकडा नऊंची तूट लबाडीची नव्हे, दोन मापांतील फरकाची आहे. एवढ्यावरून दुकानदाराशी भांडू नये. आमच्या नगात दिसली तशी लबाडी पडद्यावरच्या आकड्यात कधीच दिसत नाही. ती काठोकाठ भरून पाहिल्यावरच उघडी पडते.

एकाच मापट्यावर किती खुणा

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते व सुईसारखा एक हात तिच्यावरून हलतो. एसएसडीत हलणारे काहीच नाही. सूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवावयाचा आणि त्याच्या पातळीवरून मजकूर वाचावयाचा, ही तिची रीत. ही विद्या जपानातील तोशिबा कंपनीचे अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात सिद्ध केली. आज एसएसडीत असते ती नॅन्ड जातीची स्मृती १९८७ साली जगापुढे आली.

भावातील खरा भेद येथे आहे. कप्पा म्हणजे तेलाचे मापटे समजा. मापटे भरलेले की रिकामे एवढेच ओळखावयाचे असेल, तर काम झटपट होते आणि चूक होत नाही. या जातीस एसएलसी म्हणतात. त्याच मापट्यावर चार पातळ्यांच्या खुणा केल्या की ते एमएलसी, आठ केल्या की टीएलसी आणि सोळा केल्या की क्यूएलसी. खुणा वाढतील तसा एकाच कप्प्यात मजकूर अधिक मावतो : एसएलसीत एक अंक, तर क्यूएलसीत चार. म्हणून क्यूएलसी स्वस्त पडते. परंतु सोळा बारीक खुणांतील नेमक्या एकीवर तेल थांबवावयाचे तर हात जपून चालवावा लागतो. म्हणून ती लिहिण्यास मंद. मापट्याचा काठ थोडा झिजला तरी खुणांची गल्लत होते. म्हणून ती झिजण्यास लवकर.

२०१३ साली सॅमसंग कंपनीने कप्पे एकावर एक चोवीस थरांत रचून दाखविले. जागा न वाढविता मजले चढविण्याच्या या युक्तीनेच मोठ्या क्षमतेचा माल सर्वांच्या आवाक्यात येऊ लागला. पुढे थरांची संख्या दोनशेच्याही वर गेली. मोठ्या माहिती-केंद्रांसाठी तर १२२.८८ टेराबाइटची एकच डिस्क २०२४ साली जाहीर झाली, तीही क्यूएलसीच. आपणांस तिचे प्रयोजन नाही. आपला प्रश्न दोन, चार किंवा आठ टेराबाइटपुरता आहे.

वेष्टनावरची चाल व वखारीतली चाल

सॅमसंगच्याच दोन मालिका उदाहरणास घेऊ, कारण त्यांचे आकडे कंपनीने स्वतः छापलेले आहेत. ८७० ईव्हीओ ही टीएलसी जातीची. ८७० क्यूव्हीओ ही क्यूएलसी जातीची. दोहोंच्या वेष्टनावर लिहिण्याची चाल सेकंदास ५३० मेगाबाइट अशीच आहे. मग स्वस्त ती का घेऊ नये?

याचे उत्तर बारीक अक्षरांत आहे. क्यूव्हीओच्या दोन टेराबाइट व त्यावरील नगांत सुमारे ७८ गिगाबाइट जागा तात्पुरती एसएलसीप्रमाणे वापरली जाते. वखारीपुढच्या अंगणासारखी ही जागा. गाडीवरची पोती हमालाने धावत आणून अंगणात टाकावीत, आणि आत थप्पी लावण्याचे काम मागाहून व्हावे, तसा हा प्रकार. अंगण रिकामे आहे तोवर चाल ५३० ची. सलग लिहीत गेल्यास अडीच मिनिटांत अंगण भरते आणि चाल १६० वर येते. डिस्कच भरत आली तर हे अंगण आकसून सहा गिगाबाइटपर्यंत येते. चार टेराबाइटच्या ईव्हीओस अशी घसरण नाही.

आता हिशेब करा. चार टेराबाइट मजकूर एकदम उतरविण्यास ईव्हीओस सुमारे दोन तास सहा मिनिटे लागतील. क्यूव्हीओस जवळजवळ सात तास. वेष्टनावरचा आकडा दोघींचा एकच! परंतु आपण रोज चार टेराबाइट उतरवितो काय? आमच्या पेढीत दिवसभराच्या नोंदी, बिले व पावत्या मिळून अंगणाचा एक कोपराही भरत नाही. असे काम असणाऱ्या सभासदास क्यूएलसी खुशाल चालेल. विवाहांचे चित्रीकरण करणाऱ्या किंवा छपाईची प्रचंड चित्रे रोज हलविणाऱ्या बंधूने मात्र तिच्या वाटेस जाऊ नये.

याहून महाग डिस्काही आहेत. एनव्हीएमई जातीच्या डिस्का वाचनात सेकंदास ३,५००, ७,००० आणि त्यापुढच्या पिढीत १४,००० मेगाबाइटांच्या घरात जातात. हे आकडे खरे आहेत. पण घोडा कितीही उमदा असला तरी वाट अरुंद असेल तर तो चालीनेच जाणार. ७,००० ची डिस्क जुन्या पिढीच्या खाचेत बसविली तर ती ३,५०० च्या पलीकडे जात नाही. आणि पेढीतील चार संगणक सामान्य गिगाबिट तारेने जोडलेले असतील, तर तारेतून सेकंदास सव्वाशे मेगाबाइटही जात नाहीत. दुसऱ्या टेबलावर बसलेल्या मुनीमकाकांस साटा जातीची डिस्क काय आणि एनव्हीएमई काय, सारखीच.

खरा फरक पडतो तो हार्ड डिस्क सोडून कोणतीही अस्सल एसएसडी घेतल्यावर. मिनिटास ७,२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदास १२० वेळा फिरते. हवा तो मजकूर सुईखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार सहस्रांश सेकंद जातात. हात सरकण्याचा वेळ निराळा. त्यामुळे विखुरलेल्या लहान नोंदी ती सेकंदास शंभराच्या आसपासच उचलू शकते. एसएसडी त्याच नोंदी हजारोंनी उचलते. खतावणी उघडणे, उतारा काढणे, जुने बिल शोधणे ही सारी कामे याच जातीची होत. ज्यांची पेढी अजून तबकडीवर चालते, त्यांनी पहिला रुपया येथे खर्चावा.

भावाचे तीन हिशेब

टेराबाइटमागे भाव काढणे सोपे आहे, पण तो एकच हिशेब पुरा नव्हे. कंपनी प्रत्येक नगाच्या हमीसोबत आयुष्यभरात किती टेराबाइट लिहिता येतील, हेही सांगते. चार टेराबाइटच्या क्यूव्हीओस ही मर्यादा १,४४० असून हमी तीन वर्षांची आहे. ईव्हीओस २,४०० असून हमी पाच वर्षांची आहे.

समजण्यापुरता भाव कल्पित धरू : पहिली २४,००० रुपयांस, दुसरी ३०,००० रुपयांस. टेराबाइटमागे पहिली ६,००० ला पडते, दुसरी ७,५०० ला; म्हणजे दुसरी शेकडा पंचवीस महाग. हमीच्या वर्षांवर वाटून पाहिले तर पहिली वर्षास ८,००० ला व दुसरी ६,००० ला. लिहिण्याच्या मर्यादेवर वाटले तर पहिली टेराबाइटमागे सुमारे १६ रुपये ६७ पैसे, दुसरी साडेबारा रुपये. एकाच मालाचे तीन भाव निघाले. कोणता धरावा, हे आपले काम सांगेल.

एखादी पेढी रोज तीस गिगाबाइट लिहीत असेल, तर वर्षाकाठी अकरा टेराबाइट होतात. त्या हिशेबाने १,४४० ची मर्यादा गाठण्यास शंभराहून अधिक वर्षे लागतील. अशा सभासदाने झिजेच्या भीतीने जादा पैसे देऊ नयेत. आता दुसरे टोक पाहू. वखारीवर आठ कॅमेरे आहेत आणि प्रत्येकी सेकंदास चार मेगाबिट चित्रण अहोरात्र चालते, असे धरा. रोज सुमारे ३४५ गिगाबाइट, महिन्यास दहा टेराबाइटांच्या वर. येथेही झीज आड येत नाही; आड येतो तो जागेचा भाव. टेराबाइटमागे हार्ड डिस्क आजही एसएसडीहून कित्येक पट स्वस्त आहे, आणि सलग एका चालीने लिहिण्याचे हे काम तबकडीस उत्तम जमते. कॅमेऱ्यांसाठी मोठी एसएसडी घेणे म्हणजे कोळशाच्या वखारीस शिसवी कपाट करणे होय.

या बाजारात तेजीमंदी आपल्या गुळाहूनही तीव्र असते. उत्पादक मोजके असल्याने त्यांनी हात आखडला की भाव चढतात. २०२३ च्या मध्यास भाव तळास गेले; उत्पादकांनी उत्पादन घटविले आणि २०२४ च्या आरंभी भाव वर आले. पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढून २०२५ च्या अखेरीस पुन्हा तेजी आली. म्हणून गेल्या वर्षीचा भाव मनात धरून बसू नये, आणि पुढील पाच वर्षांची जागा आजच घेऊन पैसा अडकवूनही ठेवू नये. दोन वर्षांस पुरेल एवढी, शेकडा वीस जागा मोकळी राहील अशी डिस्क घ्यावी.

भरवसा

एसएसडीविषयी एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. कप्प्यांतील विजेचा भार हळूहळू गळतो. घरगुती वापराच्या एसएसडीसाठी जो आंतरराष्ट्रीय दंडक आहे, त्याप्रमाणे पुरती झिजलेली डिस्क वीज न देता तीस अंश उष्णतेत ठेवल्यास मजकूर एक वर्ष टिकला पाहिजे. नवी डिस्क याहून पुष्कळ अधिक टिकते; तथापि तिजोरीत दहा वर्षे पडून राहावयाच्या दप्तरासाठी हे साधन निर्माण झालेले नाही. तेथे हार्ड डिस्क बरी, आणि तीही दरवर्षी जोडून तपासलेली.

शिवाय हार्ड डिस्क मरताना पुष्कळदा खरखरते, अडखळते. एसएसडी एखाद्या सकाळी मुकी होते आणि तिच्यातून मजकूर काढणे कारागिरासही बहुधा साधत नाही. हमीपत्र अशा वेळी नवी डिस्क देते. तुमची खतावणी देत नाही. आपल्याकडील विजेचा लपंडाव पाहता लिहिता लिहिता वीज जाणे हाही एक धोका आहे, तेव्हा संगणकास यूपीएस जोडलेला असावाच.

कायद्याकडेही पाहिले पाहिजे. वस्तू व सेवा कराचे दप्तर वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागते. कंपनी म्हणून नोंदलेल्या पेढ्यांस हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात. आणि ती संगणकावर असल्यास २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणे त्यांची प्रत भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणे बंधनकारक आहे. 'डिस्क बिघडली' हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालत नाही.

आमच्या पेढीची आजची व्यवस्था अशी. रोजच्या कामास एक टेराबाइटची टीएलसी एसएसडी. जुन्या बिलांसाठी व छायाचित्रांसाठी चार टेराबाइटची क्यूएलसी, कारण तेथे लिहिणे थोडे आणि वाचणे फार. दोन्हींची प्रत दर सायंकाळी एका हार्ड डिस्कवर. आणि दर शनिवारी आणखी एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर, जी मुनीमकाका आपल्या घरी नेतात. नवी डिस्क आली की एच२टेस्टडब्ल्यू या मोफत साधनाने ती काठोकाठ भरून परत वाचून पाहतो, आणि मगच तिच्यात पहिली नोंद होते. यास कधी पुरी रात्र लागते. ढेप फोडून पाहण्याचेच हे काम आहे, म्हणून आम्ही त्यास कंटाळत नाही.

आणि जुना कागद वा जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी नव्या जागेतील दहा-वीस पावत्या प्रत्यक्ष उघडून वाचतो. नुसत्या नावांच्या यादीवर विसंबत नाही.

सभासद बंधूंस आमची एवढीच विनंती आहे. तुमच्या हाती डिस्कसाठी वीस हजार रुपये असतील, तर वीस हजारांची एक डिस्क घेऊ नका. तेरा हजारांची डिस्क घ्या आणि उरलेल्या सातांत तिची प्रत ठेवण्याची सोय करा. चाल थोडी कमी पडली तर दिवसाकाठी काही क्षण जातील. प्रत नसली तर काय जाते, ते आम्ही पाहिले आहे.

येत्या पाडव्यास वह्यांबरोबर या डब्यांसही हळदकुंकू लावण्याची चाल आता पुष्कळ पेढ्यांत पडली आहे. आमच्या पेढीत मुनीमकाका त्या दिवशी दोन डब्या मांडतात, एक पेढीची आणि एक घरून आणलेली. तिसरी जागा तीर्थरूपांच्या खतावणीची. ती आम्ही मोकळी ठेवतो.